धायटीचं सरबत आणि सरकारचं नाक



फेब्रुवारी सरता सरता डोंगराच्या उतरणीवर धायटी लाल झाली. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, जिथं जिथं आपल्या वाड्या आहेत तिथं बांधाला, वाटेला, ओसाड माळाला सध्या हेच फूल आहे. पळस, पांगारा उंच असतो. धायटी मात्र शेंबड्या पोराच्या हाताला येते. शाळेला जाताना आपण सगळ्यांनी ती चोखलेली आहे. देठाकडनं फूल ओढायचं, जिभेवर मधाचा एक थेंब येतो, की लगेच दुसरं. शिंजीर पण तेच करतो. त्याच्याकडं अजून कुणी पास मागितलेला नाही.

आपल्याकडं मात्र मागतात.

गेल्या पंधरवड्यात एका वाडीवरची आमची एक आत्ती आठवडी बाजाराला निघाली होती. वाडीचं नाव छापत नाही, कारण तिला परत त्याच वाटेनं जायचं आहे. पाटीत वाळवलेली धायटीची फुलं होती आणि फडक्यात गुंडाळलेल्या सरबताच्या दोन बाटल्या. वाटेत दोघांनी अडवलं.

"ह्यात काय हाय?"

"सरबत हाय, सायेब. धायटीचं."

"लाल कसं काय?"

"फूलच लाल हाय की."

एकानं बूच काढून वास घेतला, दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं पण घेतला. मग म्हणाले, ही दारू हाय. आत्ती म्हणाली, प्या की, पिऊन बगा. प्यायले नाहीत. दोन्ही बाटल्या रस्त्यावर ओतल्या. पाटी ठेवून घेतली. फूल जंगलातलं आहे, जंगल सरकारचं आहे, म्हणून फूल सरकारचं आहे, असा हिशेब सांगितला. पंचनामा नाही, पावती नाही, नावाची पाटी छातीला नाही. आत्ती मोकळ्या हातानं परत आली. तेल-मीठ त्या आठवड्यात उधारीवर आलं.

हे आम्ही आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा काही जाणती माणसं म्हणाली, पोरांनो, जमिनीचं बोला. प्लॉटची मोजणी अडली आहे, दावे उपविभागीय समितीकडं पडून आहेत आणि तुम्ही सरबताचं काय घेऊन बसलाय? खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी आम्ही पण हेच म्हटलं असतं. आज म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगायला हे पत्रक आहे. स्टेन्सिल कापताना हात दुखला तरी या वेळी चार पानं आम्ही यालाच देणार.

आधी "फूल सरकारचं" याकडं बघू. हे वाक्य गार्डाच्या डोक्यातनं आलेलं नाही. ते १९२७ च्या भारतीय वन कायद्यातनं आलं आहे. त्या कायद्यात "वनोपज" म्हणजे काय याची यादी आहे. लाकूड, कोळसा, काथ, लाख, हिरडा, मोहाचं फूल. मग पुढं झाडं, पानं, फुलं, फळं, गवत, मध, मेण, दगडमाती. जे जे म्हणून जंगलात उगवतं, पडतं, उडतं, ते सगळं बसवलंय. राखीव जंगलातनं वनोपज गोळा करणं, हलवणं आणि त्याच्यावर काही प्रक्रिया करणं हा त्या कायद्याच्या २६ व्या कलमात गुन्हा. म्हणजे फूल तोडलं तर एक, पाटीत घालून आणलं तर दुसरा, आणि चुलीवर पाणी तापवून त्यात टाकलं तर तिसरा. आपल्या आज्जीनं एका सकाळी किती गुन्हे केले असतील ते मोजा.

आता गंमत ऐका. हा कायदा ज्यांनी लिहिला त्या इंग्रजांच्या मुलखात एल्डर नावाचं एक झुडूप आहे. कुंपणाला, ओढ्याकाठी, आपल्या धायटीसारखंच कुणी न लावता येतं. उन्हाळा लागताना त्याला पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात. तिथल्या बायका टोपल्या घेऊन जातात, तुरे खुडतात, साखर-लिंबाच्या पाण्यात भिजवतात आणि वर्षभराचं सरबत करून ठेवतात. आम्हाला हे शिबिरात एका वकील मित्रानं सांगितलं. तिथला १९६८ चा चोरीचा कायदा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की रानात आपोआप उगवलेल्या झाडाचं फूल, फळ, पाला कुणी खुडला तर ती चोरी नाही, मग जमीन कुणाची का असेना. विकायला खुडलं तर मात्र चोरी ठरू शकते, हे पण त्यात आहे, ते आम्ही लपवत नाही. पण घरच्यापुरतं? खुशाल. म्हणजे आपल्या माणसासाठी रानातलं फूल हे फूल, आणि आपल्यासाठी लिहिलेल्या कायद्यात तेच फूल सरकारी माल. गोरे गेले, त्यांची यादी राहिली. ती यादी आजही नाक्यावर आपली पाटी तपासते.

दुसरा आरोप दारूचा. याच्यावर आम्ही गुळमुळीत बोलणार नाही. धायटीचं फूल आणि गूळ एकत्र करून बंद ठेवलं तर ते आंबतं, हे खरं आहे. त्या फुलावरच आंबवणारे बारीक जीव असतात. हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, वैद्यांना माहीत होतं आणि औषधाच्या कारखानदारांना तर चांगलंच माहीत आहे. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमारी आसव ही औषधं मेडिकलच्या दुकानात मिळतात. त्यात धातकी म्हणून जे असतं ती हीच आपली धायटी. ती टाकल्याशिवाय आसव-अरिष्ट नीट उठत नाही. बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे. ती बाटली काचेच्या कपाटात उभी असते. तिचा वास कुणी घेत नाही.

मग त्या कारखान्याला फूल कुठनं जातं? आपल्याच डोंगरासारख्या डोंगरांवरनं जातं. व्यापारी येतो, वाळलेलं फूल तोलून घेतो. धायटी वाळली की वजन कुठं जातं कळत नाही. भरलेली पाटी वाळवली की तळाला पसाभर राहते. उन्हात वाकून दिवसभर खुडायचं आपण आणि काटा त्याच्या हातात. भाव किती, ते आम्ही इथं छापणार होतो. पण चार वाड्यांवर विचारलं तर चार वेगळे भाव निघाले. त्यानं प्रत्येकीला सांगितलं होतं की तुला म्हणून जास्त देतो. त्या व्यापाऱ्याचा टेम्पो नाक्यावरनं जातो. आत्तीची पाटी जात नाही. फूल तेच. फरक एवढाच की टेम्पोतलं फूल आपण कमी भावात दिलेलं असतं आणि पाटीतलं आपण स्वतः विकणार असतो.

आणि ही दारूची भीती नवी नाही. १८७८ साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला, १८९२ साली मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. ठाणे-कुलाब्याकडच्या आपल्या भावांच्या घरात मोहाचं फूल साठवणं हाच गुन्हा झाला. दारू आदिवासीनं पिऊ नये म्हणून केलं का? नाही. सरकारच्या ठेक्याची दारू त्यानं विकत घ्यावी म्हणून केलं. आपल्या कित्येक वाड्या दारूनं नासल्या आहेत, आमच्या संघटनेच्या बायकांनी भट्ट्या फोडल्या आहेत, आणि पुढंही फोडतील. दारूच्या बाजूनं आम्ही एक शब्द बोलत नाही. पण सरबत ओतणारा हात आणि परवान्याच्या दुकानाला सलाम करणारा हात एकच असेल, तर त्या हाताला दारूबंदी म्हणायला आमची जीभ वळत नाही.

तिसरं, अभयारण्य. दाजीपूर गव्यांचं अभयारण्य म्हणून १९५८ साली जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ च्या जुलैत पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात राधानगरीचं नाव आलं. पेपरात फोटो आले. गव्याचा आला, दरीचा आला, सड्यावरच्या फुलांचा आला. माणसाचा एकही नव्हता. वारसा म्हणजे कुणाचा तरी वारस पाहिजे ना? की हा बेवारस वारसा आहे?

गवा आम्हाला प्यारा आहे. तो आमचं नाचणीचं रान खातो तरी प्यारा आहे. पण त्याच पट्ट्यात, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर बॉक्साईटच्या खाणी झाल्या. डोंगराची टोपी काढावी तशी माती काढून नेली. डंपर गेले, रात्री गेले, दिवसा गेले. डंपरला वास येत नाही, कारण दगड आंबत नाही. ज्यांनी धायटीच्या मुळासकट डोंगर नेला त्यांना परवानगी, आणि ज्यांनी फक्त फूल नेलं त्यांना अडवणूक. हे बघितल्यावर पर्यावरणाचं भाषण ऐकायचा आमचा उत्साह जरा कमी झाला आहे.

आता कायदा आपल्या बाजूनं काय म्हणतो ते. २००६ चा वनहक्क कायदा, कलम ३(१)(ग). गावाच्या शिवेच्या आतलं असो वा बाहेरचं, जे गौण वनोपज आपण पिढ्यान् पिढ्या गोळा करत आलो त्याची मालकी, ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क. मालकी असा शब्द आहे, सवलत असा नाही. जंगल जमीन म्हणजे काय हे सांगताना याच कायद्यानं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही त्यात धरली आहेत. तेव्हा "हे अभयारण्य आहे, इथं तो कायदा चालत नाही" असं कुणी म्हटलं तर त्याला म्हणा, लिहून द्या. लिहून देत नाहीत, हा आमचा अनुभव.

आपल्या जिल्ह्यात पेसाचं क्षेत्र नाही, म्हणून काही अधिकारी आपल्याला इथं आदिवासी कायदा लागूच नाही असं सांगून परत पाठवतात. पेसा वेगळा, वनहक्क कायदा वेगळा. वनहक्काला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. आपल्यातल्या कातकरी-वानरमाऱ्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचं वास्तव्य दाखवायचं आहे. धनगरवाड्यावरच्या साथींना, ते कागदावर अनुसूचित जमातीत नसल्यानं, त्या तारखेच्या मागं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. म्हणजे १९३० सालापर्यंत मागं. तेव्हा इथं छत्रपती राजाराम महाराजांचं संस्थान होतं; मुंबई राज्यात विलीनीकरण १ मार्च १९४९ ला झालं. म्हणून तहसीलदार कचेरीत "तुमचं रेकॉर्ड सापडत नाही" असं उत्तर मिळालं तर गप बसू नका. संस्थानी दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बघायला मागा.

आणि खास सरबतासाठी. ६ सप्टेंबर २०१२ ला या कायद्याचे नियम सुधारले. त्यात गौण वनोपजाच्या विक्रीबरोबर साठवण, प्रक्रिया, किंमत वाढवणं, आणि योग्य त्या वाहनानं जंगलाच्या आत-बाहेर नेणं, हे सगळं हक्कात धरलं आहे. आधी फक्त डोक्यावरचं ओझं, सायकल आणि हातगाडी होती. वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती देणार. गोळा करण्यावर रॉयल्टी नाही, फी नाही, कसलाच आकार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २०११ च्या एप्रिलात बांबूचा पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, खुद्द केंद्रीय मंत्री तिथं गेले होते. बांबूचा ट्रक ग्रामसभेच्या शिक्क्यावर जातो, तर फुलाची पाटी का जाऊ नये?

इथं आपली स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आम्ही संघटनेकडं असलेले सामूहिक दाव्यांचे कागद काढून परत वाचले. हिरडा आहे, शिकेकाई आहे, मध आहे, जळण आहे, चराई आहे. धायटी एकाही दाव्यात नाही. करवंद नाही. रातांबा एकात आहे, तो पण नंतर पेनानं घुसडलेला. का नाही? दावे लिहायला बसलेले सगळे बाप्ये होते. हिरडा व्यापाऱ्याला विकायला बाप्या जातो म्हणून हिरडा आठवला. फूल बाई खुडते, सरबत बाई करते, बाळंतिणीला फुलाचा काढा बाई देते, पोराला जुलाब झाले की वाळलेलं फूल ताकात बाई घालते. तिला कुणी विचारलंच नाही. समितीत एक तृतीयांश बाया असल्या पाहिजेत असा नियम आहे. त्या आहेत, सह्या पण आहेत. विचारायचं राहिलं. उद्या हक्काचा कागद हातात आला आणि गार्डानं बोट ठेवून विचारलं, यात धायटी कुठं आहे, तर काय दाखवणार? म्हणून आम्ही म्हणतो, सरबताचं बोलणं हे जमिनीचंच बोलणं आहे. ज्या उतरणीवर आपण पिढ्यान् पिढ्या फूल खुडतो ती उतरण आपली आहे, याचा पुरावा ते खुडणंच आहे.

नियम १३ बघा. सामूहिक हक्काच्या पुराव्यात रानातली खायची फळं, कंदमुळं आणि इतर गौण वनोपज गोळा करायच्या जागा धरल्या आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी म्हणणं पण पुरावा म्हणून चालतं. म्हणजे शेजारच्या वाडीवरच्या आज्जीनं सांगितलं की "ह्या वाडीच्या बाया त्या खिंडीवर धायटीला यायच्या, मी न्हानपणापास्नं बगतीया", आणि ते लिहून खाली तिचा अंगठा घेतला, तर तो कागद आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणून एकट्या अंगठ्यावर थांबू नका. गॅझेटिअर, संस्थानी दप्तर, जुनी वाट, जुनं देवस्थान, सगळं जोडा.

सरबत कसं करायचं हे पण त्याच जबाबात लिहा. हसू नका. जो माल कुणी वापरत नव्हतं त्याची रीत कुणाला येत नसते. आम्हाला एका आज्जीनं सांगितलं ते तिच्या मापातच देतो.

फूल सकाळी, दव सुकल्यावर खुडायचं, ऊन चढायच्या आधी. दुपारी मध उरत नाही. चार ओंजळी फुलं. सुपात पसरून जरा वेळ सावलीत ठेवायची, मुंग्या आपोआप जातात. धुवायची असतील तर एकदाच, पटकन, नाहीतर गोडी पाण्याबरोबर जाते. पानं, काड्या निवडून टाकायच्या, पानानं तुरटपणा वाढतो. दोन तांबे पाणी उकळून खाली उतरवायचं आणि मग फुलं टाकायची. फुलं टाकून उकळलं तर नुसतं कडू-तुरट होतं. झाकण ठेवून तासभर. मग फडक्यानं गाळायचं, पिळायचं नाही. जेवढं पाणी निघेल तेवढीच साखर. परत मंद चुलीवर, साखर विरघळून एक उकळी येईपर्यंत. गार झालं की दोन लिंबं. लिंबू पडलं की रंग उजळतो, तो बघायला पोरं चुलीभोवती जमतात. लिंबू नसेल तर आमसूल. प्यायला एक वाटी सरबताला चार वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ.

गूळ घातला तरी चालतो, कोल्हापूरच्या गुळाला कोण नाही म्हणेल, पण रंग मळतो आणि लवकर आंबतं. आंबण्याचं नीट ऐका. एक उकळी दिल्याशिवाय बाटली भरू नका. बाटली आणि बूच उकळत्या पाण्यातनं काढा. फेस आला, बूच उडालं, आंबूस वास आला तर ते सरबत राहिलेलं नाही. ओतून टाका, बाजारात नेऊ नका. एका बाटलीपायी सगळ्या वाडीचं नाव जाईल आणि वास घेणाऱ्यांना आयतं कारण मिळेल. विकायचंच असेल तर अन्न खात्याची नोंदणी करून घ्या. २०१३ साली तिला वर्षाला १०० रुपये लागत होते, १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना तेवढीच पुरत होती. १२ लाख ऐकून आत्ती खूप दिवसांनी हसली.

आपल्याच माणसांना पण एक बोलायचं आहे. व्यापाऱ्याचं वजन भरायला काही जण फांद्या तोडून घरी आणतात आणि दारात बसून फुलं ओरबाडतात. गेल्या साली एक अख्खी उतरण अशी बोडकी झालेली आम्ही बघितली. कायद्यानं हक्काबरोबर जंगल राखायची जबाबदारी पण ग्रामसभेवरच टाकली आहे. एका झुडपाचं निम्मं फूल ठेवायचं, कोवळी झुडपं सोडायची, आणि फांदीला कोयता लावायचा नाही, असा ठराव दोन वाड्यांनी केला आहे. बाकीच्यांनी पण करा. नाहीतर गार्डाला शिव्या द्यायला तोंड राहणार नाही.

आत्तीच्या पाटीचा अर्ज आम्ही दिला आहे. कुठल्या कायद्यानं जप्ती केली, पंचनाम्याची नक्कल द्या, एवढंच विचारलं आहे. पोच घेतली आहे. उत्तर आलं की पुढच्या अंकात छापू, नाही आलं तरी छापू.

तोवर हे करा. पुढच्या ग्रामसभेला सामूहिक दावा परत वाचायला घ्या आणि तो बायांपुढं वाचा. राहिलेली नावं एकेक करून लिहा: धायटी, करवंद, रातांबा, जांभूळ, आळू, तोरण, जे जे त्या सांगतील ते. दावा आधीच पुढं गेला असेल तर पुरवणी ठराव करून उपविभागीय समितीला पाठवा, पोच घ्या. दावा फेटाळला असेल तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात, तारीख गेली म्हणून रडत येऊ नका. सभेला येणाऱ्या प्रत्येक घरानं एक ओंजळ फूल आणायचं आहे. पातेलं, साखर आणि लिंबं संघटनेची. सरबत तिथंच होईल, तलाठी-ग्रामसेवक आले तर त्यांना पण द्या, आणि कुणी किती फूल कुठल्या उतरणीवरनं आणलं ते नाव-गावासह वहीत लिहून खाली सह्या-अंगठे घ्या. फूल आणताना फांदी आणू नका.